सकाळची सरळ रेघ

६ फेब्रुवारी

यंत्र आलं एकदाचं. अलेक्झांड्रियाच्या बंदरात ते इतके दिवस अडकून पडलं होतं की आता गंजूनच हाती येणार असं मी धरून चालले होते. पण खोकं उघडलं तर नवंकोरं, अंगावर एक ओरखडा नाही. अल्हम्दुलिल्लाह. वहबासाहेब म्हणजे आमच्या सिमेंट कारखान्याचे मॅनेजर. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हे इख्लासचं. बसवणं, चालवणं, त्याचे अलार्म लावणं, सगळं तीच बघेल." माझ्याहून जुने तीन इंजिनीअर तिथे उभे होते. त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मी ते बघितले, अगदी सावकाश, एकेक करून.

जुन्या यंत्राने जीव नकोसा केला होता. भट्टीतला धूर त्याच्यापर्यंत पोचायलाच इतका वेळ लागायचा की ते ओरडायला लागेपर्यंत धोका येऊन, चहा पिऊन, निघूनही गेलेला असायचा.

ही वही आईच्या सांगण्यावरून. ती म्हणते, "तुझ्या तोंडाला लगाम नाही. कुणी एक शब्द बोललं की तू चार परत करतेस. निदान कागदाशी बोलत जा, तो बिचारा उलटून भांडत नाही." बघू या.

७ फेब्रुवारी

मी राहते ती खोली उम्म रजबच्या घराच्या वरच्या मजल्यावर आहे. सिद्र वस्ती कारखान्याच्या कुंपणाला लागूनच, दक्षिणेला. उम्म रजबचा भाऊ, हाज मितवल्ली, आमच्या कंट्रोल रूममध्ये सकाळच्या पाळीला भट्टी बघत बसतात. म्हणजे घरी बहीण आणि कामावर भाऊ, मला काही लपवायची सोयच नाही.

आज ती जिन्यात मसूर निवडत बसली होती. म्हणाली, "त्या नव्या डब्यात हाय तरी काय गं? समदी वस्ती त्याच्यावर बोलतीया."

मी सांगितलं. भट्टीत कोळसा जळतो, शहराचा कचरा जळतो. कचरा ओला निघाला, हवा कमी पडली, की नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. तो धुळीसकट फिल्टरमध्ये जातो. फिल्टर म्हणजे विजेने धूळ पकडणारी घराएवढी पेटी, आत ठिणग्या उडतच असतात. वायू वाढला आणि ठिणगी पडली की पेटी फुटणार. म्हणून माझं यंत्र धूर हुंगतं, वायू वाढायला लागला की आधी हॉर्न वाजवतं, आणि फारच वाढला तर फिल्टरची वीज तोडतं.

"आन वीज तुटली की?"

"मग धूळ अडत नाही. चिमणीतून बाहेर जाते."

"बाहेर म्हंजी कुटं?"

मी मसुरातला एक खडा वेचून टाकला. इथे वारा बारा महिने उत्तरेचा.

"बाहेर म्हंजी माज्या छपरावर," ती म्हणाली. "माज्या शम्सीवर. इंजिनीअर झालीस न्हवं, मग नीट सांग की!"

तिचं खरं होतं. शम्सी भाकरीची कणीक उन्हातच फुगते. बायका सकाळी गोळे मातीच्या थाळ्यांवर थापून छपरांवर मांडतात, ते दुपारी भाकरीची भट्टी तापेपर्यंत तिथेच. झाकून ठेवले तर ऊन लागत नाही, आणि ऊन लागलं नाही तर ती भाकरी राहत नाही, वीट होते.

१२ फेब्रुवारी

दोन दिवस फक्त आकड्यांशी झटापट. पहिला हॉर्न कुठे वाजवायचा, वीज कुठे तोडायची, आणि आकडा वर गेल्यावर किती वेळ थांबून तोडायची. आकडा खाली ठेवला तर क्षुल्लक कारणाने वीज तुटणार आणि वस्तीवर धूळ. वर ठेवला तर एखाद्या दिवशी फिल्टरच उडणार, आणि त्याच्या गच्चीवर शहाता आणि त्याची माणसं रोज काही ना काही जोडत बसलेली असतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शहाता हा आमचा वेल्डर. तोंडाचा माझ्याइतकाच वाईट, म्हणून मला आवडतो. मी धूर ओढणारी नळी तपासायला वर गेले तर आपल्या माणसांना ओरडून म्हणाला, "बाजूला व्हा रं! मौलिदाच्या जत्रेतली साखरेची बाहुली आली. घाम लागला तर विरघळंल!"

मी म्हटलं, "आणि तू त्या बाहुलीबरोबर फुकट मिळणारा साखरेचा घोडा."

ती माणसं इतकी हसली की मला तपासणी परत करावी लागली.

शेवटी पहिला हॉर्न शून्य पॉइंट तीन टक्क्यांवर ठेवला, वीज तोडणं शून्य पॉइंट सहावर. हॉर्नची जोडणी अशी केली की यंत्राची वीज गेली, तार तुटली, तरी तो वाजलाच पाहिजे. गप्प बसलेला अलार्म आणि सगळं ठीक असलेला अलार्म बाहेरून सारखेच दिसतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. हाज मितवल्ली मागे हात बांधून हे सगळं बघत होते. मला वाटतं त्यांना माझं काम आवडलं.

१५ फेब्रुवारी

वाईट दिवस. सकाळीच तीनदा वीज तुटली. यंत्राचं काही चुकलं नव्हतं, वायू खरंच चढला होता. कचऱ्याच्या गठ्ठ्यांवर पहाटेचं दव पडतं आणि ते तसेच भट्टीत जातात. पण सिद्रच्या छपरांना ते कोण सांगणार?

घरी आले तर उम्म रजबने माझ्यापुढे भाकरी टाकली. ठेवली नाही, टाकली. "खा. तुज्या यंत्राची हाय."

मी खाल्ली. दाताखाली वाळू. माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती, पण घास तोंडात असताना बोलता येत नाही. नंतर खालून ऐकू आलं, भाऊ आल्यावर ती त्यालाही तसंच सुनावत होती.

१८ फेब्रुवारी

माणसं किती चांगली असतात! यंत्राची रोज सकाळी तपासणी करावी लागते. स्वच्छ वायू सोडायचा आणि आकडा शून्यावर येतो का ते बघायचं. त्याआधी यंत्र 'देखभाल' या स्थितीत टाकतात. मग ते शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतं आणि अलार्म गप्प राहतात, नाहीतर तपासणीच्या वायूनेच गोंधळ व्हायचा. काम झालं की परत चालू करायचं. काम सोपं, पण रोजचं. इंजिनीअर बाईला इथे बाशमुहंदिसा म्हणतात. आज हाज मितवल्ली आपणहून म्हणाले, "बाशमुहंदिसा, तुमी कशाला रोज एवढ्या लवकर पळत येता? सकाळचं ते माज्यावर सोडा."

ज्यांची बहीण मला भाकरी फेकून मारते, ते हे म्हणतात! मी त्यांना लगेच कोड दिला. त्यांनी तो ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितला. मी त्यांचे इतके आभार मानले की ते अवघडून गेले.

२४ फेब्रुवारी

एवढ्या दिवसांत सकाळी एकदाही वीज तुटली नाही. एकदाही! दुपारनंतर पडद्यावरची रेघ नेहमीसारखी थरथरते, मधूनच उडी मारते, पण सकाळी बघावं तर सुतासारखी सरळ. मी बराच विचार केला. सकाळची हवा थंड आणि जड असते, तिच्यात प्राणवायू जास्त, त्यामुळे कचरा पुरता जळत असणार. त्यात माझे आकडेही बरोबर बसलेत. वहबासाहेबांना हे सांगितलं तर ते मान हलवून म्हणाले, "छान. कैरोच्या ऑफिससाठी लिहून काढ."

तीन पानं लिहिली. उद्या पाठवते.

३ मार्च

उम्म रजब स्वतः जिना चढून वर आली. हातात गरम शम्सी, वाटीभर जुनं चीज आणि मल्लवी गावचा काळा मध, म्हणजे उसाची काकवी. मागे शेजारच्या दोघी. एकीने माझे हात धरून म्हटलं, "ह्या हातांना कदी दुखनं न येवो. किती वर्सांनी कनीक पांढरी ऱ्हायली बग." मला रडू आलं. कारखान्यात मला कुणी हात धरून काही म्हणत नाही.

सकाळी मी हे हाजना सांगितलं, आणि मोठ्या मनाने पुढे म्हटलं, "सगळं श्रेय काही माझं नाही. तुमची रोजची तपासणीही आहे." ते एकदम उठले आणि नमाजाला जायचंय म्हणून निघून गेले. नमाजाला अजून बराच अवकाश होता. स्तुती ऐकवत नाही काही माणसांना. असा विनम्र माणूस मी पाहिला नाही.

९ मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी मी स्टोअरमध्ये होते. आधी एक धप्प आवाज आला, गालिच्याचं मोठं भेंडोळं उंचावरून टाकावं तसा. मग खिडक्यांच्या काचा हलल्या. बाहेर आले तर फिल्टरच्या वरची झाकणं उघडून लोंबत होती आणि काळा धूर. शहाता जिन्याच्या पायथ्याशी पालथा पडला होता. उलटा केला तेव्हा त्याचा डावा हात नको तिकडे वळलेला, आणि तोंडावर भुवया नव्हत्या. बोलत होता, म्हणजे शिव्या देत होता. अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, शिव्या देत होता. बाकीची माणसं तेव्हाच चहाला खाली उतरली होती म्हणून वाचली.

मी कंट्रोल रूमकडे धावले. पडद्यावर माझी रेघ होती. सरळ, सुतासारखी. फिल्टर फुटला होता, बाहेर माणसं ओरडत होती, आणि वायूचा आकडा केसभरही हलला नव्हता.

तिथून यंत्राच्या खोलीत. दारावरचा पिवळा दिवा लागलेला. देखभाल.

पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं की जिवंत वायूची रेघ कधी सरळ नसते. ती थरथरते म्हणूनच जिवंत. आणि मी तीन पानं लिहिली होती, थंड हवा आणि जड हवा!

हाज मितवल्ली माझ्या मागोमाग आले होते. दारातच उभे राहिले.

"मीच," ते म्हणाले. "मीच ठेवतो तसं. दुपारी बायका गोळे भट्टीत घालंपर्यंत. मग परत चालू करतो."

"रोज?"

"रोज. मला वाटलं, मी आगीकडं डोळ्यानं बघतुया की. आग लाल पडली की कचरा कमी करायचो. तीस वर्सं आग बघतोय मी, बाशमुहंदिसा. यंत्राहून आधी मला कळतंया असं वाटलं."

"मग आज?"

"आज माज्या पोरीच्या, वर्दाच्या सासरचा फोन आला. लग्नाची तारीक ठरवायला. पाठ फिरवून बोलत व्हतो." मग त्यांनी तोंड झाकलं. "मेला का गं शहाता?"

ते मला तोवर कधी 'गं' म्हणाले नव्हते.

१० मार्च

झोप नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हाजचं नाव सांगितलं तर निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाची नोकरी जाणार, मुलीचं लग्न तोंडावर. न सांगावं तर कैरोचे लोक यंत्र खोटं ठरवून काढून टाकतील आणि पुन्हा ते जुनं बहिरं यंत्र. आणि कोड कुणी दिला? मी. वाहवा ऐकून ऐकून रेघेकडे बघायचं कुणी सोडलं? मीच.

मी हाजना म्हटलं, चला. ते टोपी सारखी करत माझ्याबरोबर निघाले.

वहबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची कॉफी निवून गेली. मग म्हणाले, "कैरोहून माणूस येतोय. अशा माणसाला एक नाव हवं असतं, ते मिळालं की तो जेवून परत जातो. तुम्ही मला दोन आणून दिलीत."

"हो."

"तिसरं माझं लिहा. ती सरळ रेघ बघून मान मीही हलवली होती. तीन नावं बघितली की तो गोंधळेल, आणि गोंधळलेला माणूस फार कडक शिक्षा देत नाही."

या माणसाला मी मागे 'मानडोल्या' म्हटलं होतं, तेही दोनदा, चार लोकांत. अल्लाने त्यांना उदंड आयुष्य द्यावं. साहेब ख्रिस्ती, म्हणून त्यांच्या घरातल्या येशूनेही द्यावं.

१४ मार्च

साहेबांचं बरोबर निघालं. तिघांचा वर्षाचा बोनस गेला, हाजना लेखी ताकीद, मला लेखी ताकीद, पण तिघंही जागेवर. अल्हम्दुलिल्लाह.

हाज आणि मी दवाखान्यात गेलो. शहाताला खरं सांगायचं ठरवलं होतं, आणि हाजनी ते सांगितलं, पायाशी उभं राहून. शहाताने भिंतीकडे तोंड फिरवलं. आम्ही आता निघावं असं मला वाटलं, तेवढ्यात भिंतीकडूनच आवाज आला, "वर्दाच्या लग्नात मांसाचा मोठा तुकडा माजा. हाडाचा न्हाई. नुस्तं मांस."

"तुजाच," हाज म्हणाले.

"आन बाहुली, माज्या भुवया सापडल्या तर ठेवून द्या. घरच्यांनी मला वळखलं न्हाई."

दाराबाहेर येऊन मी मनसोक्त रडले. अशी माणसं कुठल्या पुण्याईने माझ्या वाट्याला आली कोण जाणे.

२२ मार्च

फिल्टर दुरुस्त होतोय आणि मला सगळं नव्याने लावायला वेळ मिळालाय. आता 'देखभाल' मध्ये यंत्र टाकलं तरी थोड्या वेळाने ते आपोआप परत चालू होईल, विसरलं तरी, नको असलं तरी. कोड दोघांकडे, अर्धा-अर्धा. आणि पहिला हॉर्न वाजला की कचरा भट्टीत नेणारा पट्टा तिथल्या तिथे थांबेल. म्हणजे बहुतेक वेळा वायू आपणच खाली येईल आणि वीज तोडायची पाळीच येणार नाही.

बहुतेक वेळा. पण प्रत्येक वेळी नाही. आणि ज्या वेळी नाही, त्या वेळी छपरांवर कणीक असणार.

यंत्रातून अलार्मच्या चार तारा काढता येतात. तीन वापरल्या आहेत. चौथी रिकामी आहे. आज जेवताना माझा हात भाकरीवरच थांबला.

२ एप्रिल

चौथी तार कुंपणावरच्या हॉर्नला जोडली, तोंड सिद्रकडे. पहिल्या इशाऱ्यालाच तो वाजतो. वीज तुटायला त्यानंतर थोडा अवकाश असतो, तेवढ्यात बायकांनी जिना चढून गोळ्यांवर चादरी टाकायच्या, हॉर्न थांबला की काढायच्या. हे समजवायला उम्म रजबच्या अंगणात सभा झाली. मी भाषण केलं. टाळ्या नाहीत. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आता धुरानं बी आमाला हाका मारायच्या!"

आज पहिला दिवस, आणि हसावं की रडावं. वायू पॉइंट तीनच्या आसपास घुटमळत राहिला. जरा वर, हॉर्न. जरा खाली, गप्प. परत वर. सगळ्या सिद्रच्या बायका चादर टाक, चादर काढ, जिना चढ, जिना उतर. उम्म रजब संध्याकाळी दारातच बसली होती, गुडघ्यांना तेल चोळत.

"ये," ती म्हणाली. "ये गं लांडगा आला रे आला. उद्या तुजा तो भोंगा वाजला ना, तर मी चादर त्याच्या तोंडात कोंबणार हाय."

तिचे गुडघे खरंच सुजले होते. तेलाची बाटली घेतली आणि चोळायला बसले.

३ एप्रिल

सकाळी पहिलं काम ते केलं. हॉर्न पॉइंट तीनला सुरू, पण बंद व्हायचं ते पॉइंट दोनच्या खाली आल्यावरच. एकदा वाजला की पुरतं शांत झाल्याशिवाय गप्प बसायचं नाही. आणि सुरू होण्याआधी आकडा काही क्षण वर टिकलाच पाहिजे, नुसत्या उडीला दाद द्यायची नाही. हे मी आधीच करायला हवं होतं, पण गुडघे दुसऱ्याचे असले की आपल्याला घाई नसते.

दिवसभरात एकदाच वाजला. चादरी पडल्या. पट्टा थांबला, वायू उतरला, वीज तुटली नाही. हॉर्न थांबला, चादरी निघाल्या. उम्म रजबने माझ्यासाठी बाकल्याच्या डाळीचा बसारा करून ठेवला होता, वर तळलेला कांदा घालून. मला पोचलं.

१८ एप्रिल

शहाता कामावर परत आला. हात प्लास्टरमधून सुटला, पण अजून जड उचलायचं नाही, म्हणून तो फिल्टरच्या गच्चीवर बसून दुसऱ्यांना शिव्या देतो. भुवया उगवल्यात, एक जरा वर, एक खाली. त्यामुळे तो सदा अचंब्यात असल्यासारखा दिसतो. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "तुमाला बगून कुनीबी अचंब्यात पडंल."

वर्दाचं लग्न पुढच्या आठवड्यात.

२६ एप्रिल

आज लग्नाच्या भाकरीचा दिवस. पहाटेपासून सगळी वस्ती हाज मितवल्लींच्या घरी कणीक मळत होती. सकाळी मी कामावर निघाले तेव्हा एकूण एक छप्पर थाळ्यांनी भरलेलं, शेजाऱ्यांचंसुद्धा. हाजना साहेबांनी सुट्टी घ्यायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "घरात बायकांचं राज्य हाय. मी खुर्चीवरच बरा."

ऊन वर आलं आणि हॉर्न वाजला. मी कंट्रोल रूममध्येच होते. पट्टा थांबला. आम्ही दोघं रेघेकडे बघत होतो. ती खाली यायला हवी होती. आली नाही. आत आधीच पडलेला एखादा ओला गठ्ठा होता, तो भट्टीत धुमसत होता. पॉइंट चार. पॉइंट पाच.

फिल्टरच्या गच्चीवर शहाता आणि दोघं होते.

खिडकीतून सिद्र दिसते. छपरांवर बायका धावत होत्या, चादरी, ओढण्या, गालिचे, जे हाती येईल ते. एवढ्या थाळ्या झाकायला कुठून पुरणार? वाराही सुटला होता, टाकलेल्या चादरी उडत होत्या.

यंत्राची खोली चार पावलांवर. अर्धा कोड हाजकडे, अर्धा माझ्याकडे. यंत्र देखभालीत टाकायचं मनात आणायचं कारणच नव्हतं. तरी मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांनी माझ्याकडे. मग त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. डोळे रेघेवर. ओठ हलत होते.

पॉइंट सहा. खट्. फिल्टरची वीज गेली.

रेघ चढतच राहिली. एकच्या वर गेली. दीडच्या वर गेली. मग थरथरली आणि हळूहळू उतरायला लागली. ठिणगी नव्हती, त्यामुळे आवाज झाला नाही. काहीच झालं नाही.

चिमणीतून मात्र धूळ निघाली, जाड, करडी, आणि वाऱ्याबरोबर सावकाश सिद्रकडे गेली. हाजनी ती बघितली. "वर्दाची आय आता मला घरात घ्यायची न्हाई," ते म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसले. मी त्यांच्या डोक्याचं चुंबन घेतलं, आपल्या वडिलांचं घेतात तसं.

थोड्या वेळाने तिघं गच्चीवरून खाली आले, पिठात लोळल्यासारखे, चहा मागत.

२७ एप्रिल

लग्न छान झालं. वर्दा फार सुंदर दिसत होती. नगारे, बंदुकीचे बार, पोरांचा धिंगाणा. निम्मी भाकरी फेकावी लागली होती, शेजारच्या दोन वस्त्यांनी आपली आणून दिली, आणि उरलेली आपली ती सगळ्यांनी खाल्ली. सगळ्या मांडवात दाताखाली कचकच ऐकू येत होती. वर्दाची आई ज्याला-त्याला मीच ती बाई म्हणून दाखवत होती, आणि ते काही कौतुकाने नव्हतं. उम्म रजब माझ्या बाजूने तिच्याशी भांडली. अल्लाने त्या बाईला स्वर्गात जागा द्यावी, पण सावकाश, अजून खूप वर्षांनी.

मग शहाता आला. एका हातात मांसाचा तुकडा, नुसतं मांस. बायको मागे, दोन्ही पोरी तिच्या पदराला. हवेत बोट नाचवत त्याने सगळ्यांसमोर मला धरलं.

"बाशमुहंदिसा, तुमचं ते यंत्र! काल नाकाडोळ्यात सिमेंट गेलं माज्या. नवा गलबिया लग्नासाठी खाली खुंटीला लावला व्हता, त्याचं पोतं झालं, बगा! आन हाजच्या पोरीच्या भाकरीची माती केली ती निराळीच. कशापायी? काय झालं व्हतं काल? काय बी झालं न्हवतं! आमी वर बसलो व्हतो, आमाला दिसत न्हाई व्हय? एवढ्या तेवढ्याला बोंबलतंय ते, तुमच्यावानीच. जरा आवरा त्याला!"

लोक हसले. हाज मितवल्ली पलीकडे नवऱ्या मुलाच्या वडिलांशेजारी बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. दीड टक्क्याची ती रेघ आम्ही दोघांनीच पाहिली होती.

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, नेहमीसारखं, चार पदरी. मी शहाताच्या त्या वरखाली भुवयांकडे बघितलं, त्याच्या पोरींकडे बघितलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

तो जरा बावचळला. मग त्याला अजून जोर चढला. त्याच्या गलबियाचं काय झालं, त्याच्या घशाचं काय झालं, मागच्या वर्षी जुन्या यंत्राच्या नळीने त्याचं काय केलं होतं, सगळं त्याने पहिल्यापासून काढलं. मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला आणि समोर बसून सगळं ऐकून घेतलं.